आपणहून गेलेला मासा

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असेन, पण कागदावर छापून आलेलं खोटं एकच. ते अजून माझ्या कपाटात आहे. हातभर लांबीचा रोहू आहे तो, आणि मी केलेल्या सगळ्या कामात तोच उजवा आहे हे मला मान्य करावं लागतं. ते खोटं पकडलं जुन्नरच्या एका कागदवाल्या शेठजींनी. त्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, हातात धरलाही नव्हता. मी मात्र घोडेगावची, घोड नदीच्या काठी मासे खाऊनच वाढलेली.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनची. मी बोरी बुद्रुकच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. सासरही तिथलंच. चित्रकलेच्या बाईंना शाळेत फारसं कुणी विचारत नाही. गणिताच्या सरांना तास कमी पडला की ते आमचा उचलतात आणि स्नेहसंमेलन जवळ आलं की पताका आमच्या गळ्यात येतात. त्यात मी तापट. मुलं मागून मला 'फोडणी' म्हणत, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझा मावसभाऊ पिंपरीच्या एका कारखान्यात होता. कारखान्याने त्याला सहा महिने जपानला पाठवलं. येताना त्याने सगळ्यांसाठी घड्याळं, छत्र्या, कॅल्क्युलेटर असं काहीबाही आणलं, आणि मी चित्रकलेची म्हणून माझ्यासाठी गुंडाळी केलेला एक कागद. मी तो उलगडला. आत काळ्या शाईतला मासा होता. तिथले मासेमार मोठा मासा सापडला की त्याच्या अंगाला शाई लावतात, वर पातळ कागद ठेवून बोटांनी दाबतात आणि अलगद उचलतात, असं भावाने सांगितलं. मासा केवढा होता याचा तो पुरावा. ग्योताकू म्हणतात त्याला. फक्त डोळा तेवढा मागाहून हाताने काढतात.

तो कागद मी खिडकीशी धरून किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. एकेक खवला वेगळा होता. शेपटीच्या काड्या मोजता येत होत्या. पोटाशी शाई विरळ झाली होती, तिथे तर पोटाचा मऊपणासुद्धा आला होता. मी दहा वर्षं मुलांना मासा शिकवत होते तो असा: दोन कमानी, मागे त्रिकोण, ठिपक्याचा डोळा. मला माझी लाज वाटली. या कागदावर कुणी काही काढलेलंच नव्हतं. मासाच येऊन बसून गेला होता.

झालं, मी ठरवलं की हे आपण करायचं.

पहिल्या खेपेला आठवडे बाजारात जाऊन मासेवालीला सांगितलं, चांगला रोहू दे, चित्रासाठी हवाय. तिने समजूतदारपणे मान डोलावली. शाळेतल्या बाई म्हणून तिने माझा मान राखला आणि खवले खरवडून, पर कापून, पोट स्वच्छ करून मासा हातात दिला. फक्त मीठमसाला लावायचा बाकी होता. रागवावं तरी कुणावर? मी तसाच घरी आणून छापला, तर कागदावर चपलेचा तळवा उमटला.

दुसऱ्या खेपेला न सोललेला आणला, पण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काही निघेना आणि शाई त्याच्यावरून ओघळून जाई. मी मिठाने घासला, लिंबाने घासला, साबण घ्यायचाच बाकी होता. सासूबाई दारात बसून हा तमाशा बघत होत्या. शेवटी त्या उठल्या.

"चुलीतली राख लाव की त्याला. येवढं शिकलीस आन् येवढं बी ठाव न्हाई व्हय?"

त्यांनी मूठभर राख घेऊन मासा डोक्याकडून शेपटीकडे असा चोळला की पाण्याखाली धरून पुसताच तो कोरडा ठणठणीत झाला. राखेची ही युक्ती जपानात आहे की नाही मला ठाऊक नाही. नसेल तर त्यांनी सासूबाईंकडून घ्यावी. शाई मी घरीच केली, चिमणीवरची काजळी डिंकाच्या पाण्यात खलून. छापून झालं की सासूबाई मासा तीन पाण्यांनी धूत आणि त्याचं कालवण करत. कालवण काळपट दिसतंय, अशी तक्रार माझ्या नवऱ्याने एकदाच केली.

आता अडत होतं ते कागदावर. ड्रॉइंगचा कागद जाड, तो माशाच्या अंगावर वळत नसे. पतंगाचा कागद वळे, पण ओला झाला की बोटाखाली फाटे. त्यापायी माझ्या जुन्नरच्या खेपा सुरू झाल्या.

जुन्नरच्या पेठेत शाळेचं सामान जिथून येई, ते हे शेठजींचं दुकान. घराणं मूळ राजस्थानातलं, जैन, पण चार पिढ्या जुन्नरातच गेलेल्या. मराठी माझ्याइतकंच बोलत, आणि माझ्यापेक्षा शांतपणे. साठीचे असतील तेव्हा. कुठलाही कागद ते आधी कानाशी नेऊन हलवत आणि आवाजावरून तो किती जाड, किती जुना, ओल लागलेला की कोरडा, ते सांगत. मला ती ऐट वाटे. मी एकदा मुद्दाम दोन कागद एकावर एक धरून दिले. त्यांनी हलवले आणि म्हणाले, "बाई, यात एक आमचा नाही."

पातळ, पण ओला झाला तरी न फाटणारा कागद हवा, एवढंच मी त्यांना सांगे. कशासाठी, ते सांगत नसे. त्यांनी दिलेला प्रत्येक कागद फाटे आणि मी फाटका तुकडा घेऊन भांडायला जाई. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, करता काय ते तरी दाखवा, त्याशिवाय मी औषध काय देऊ? माझ्या पिशवीत अर्धवट फाटलेला एक छाप होताच. आता हे नाक मुरडणार आणि दुकानातून हाकलणार, असं धरून मी तो काउंटरवर पसरला.

त्यांनी नाक मुरडलं नाही. गल्ल्यातून भिंग काढलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश पाहिलं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"हा गेला कसा?" त्यांनी विचारलं. माणसाबद्दल विचारावं तसंच.

"बाजारातून आणला," मी म्हणाले. "धरणात जाळ्यात सापडला असेल."

त्यांनी छाप नीट गुंडाळून परत दिला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिडी लावून माळ्यावरून एक गठ्ठा उतरवला. लाल कापडात बांधलेला. आत जुन्नरी कागद होता. जुन्नरात पूर्वी हाताने कागद करत, पेशव्यांच्या दप्तरातसुद्धा तो आहे असं सांगतात. ते काम केव्हाच बंद पडलं. शेठजींच्या वडिलांनी तरुणपणी हा गठ्ठा एक पोथी स्वतःच्या हाताने उतरवून काढायची म्हणून आणला होता. थोडी पानं झाली आणि त्यांच्या हाताला कंप सुटला. पोथी राहिली. पोथीसाठी आणलेला कागद दुसऱ्या कशाला वापरायचा नाही म्हणून तो तसाच बांधून ठेवलेला. मी एक कागद हातात घेतला. पिवळसर, हलका, आणि मऊ असूनही चिवट.

"हा पाण्याला भीत नाही," शेठजी म्हणाले. "एकेक देत जाईन. पैसे नकोत. पण मारलेला जीव यावर नको. आपणहून गेलेला असेल तर त्याचा छाप घ्या."

"आपणहून गेलेला मासा मी कुठून आणू?"

"ते मला काय माहीत? मासे तुम्ही खाता."

वडिलांचा कागद त्यांनी माशासाठी का काढला, हे मी पुढे एकदा विचारलं. ते म्हणाले, नदीत रोज किती जीव जातात, त्यांना कुणी बघत नाही. एखाद्याला तरी कुणी इतकं निरखून बघितलं, तर ते वाचनच झालं. मला हे तेव्हा नीट कळलं नाही. पण कागद मिळाला होता, म्हणून मी मान हलवली.

आपणहून मेलेला मासा शोधणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मासा मेला की आधी कावळ्याला कळतं, मग कुत्र्याला, मग बगळ्याला आणि सगळ्यांत शेवटी चित्रकलेच्या बाईंना. मी शाळेआधी सकाळी गावच्या कुकडी नदीच्या काठाने चक्कर मारू लागले. बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढल्या की खालच्या खडकांत काही मासे अडकून राहत. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडायचं थांबलं की नदीचे डोह वेगळे पडत, पाणी तापे आणि मासे वर येत. तेव्हा दोनतीन तासांच्या आत गाठलं तर मासा छापण्याजोगा असे. गावाला आधी वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मग गावालाही सवय झाली. शेतावर निघालेला कुणीतरी सायकल थांबवून सांगे, "बाई, मोटरीच्या खड्ड्यापाशी एक पडलाय. ताजा हाय, पळा लवकर."

सासूबाईंना हे पटलं नाही. कालवणाला उपयोग नाही असला मासा घरात कशाला, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बरोबर होता. तरी राख त्याच चोळून देत. छाप घेऊन झाला की मी मासा परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी पुरे. त्या झाडाला पुढे शेंगा इतक्या लागल्या की वाटून संपेनात. शेठजींना मात्र मी त्या कधी नेऊन दिल्या नाहीत. तेवढी अक्कल मला होती.

त्या कागदावर पहिला छाप घेतला तो चिलापीचा. बोटांनी दाबताना कागद माशाच्या अंगावर असा बसला की खालचा प्रत्येक खवला मला बोटाला कळत होता. उचलला तेव्हा कुठे फाटला नाही, फुगला नाही. मी तिथेच ओसरीत बसून रडले. रडण्यासारखं काय होतं त्यात, ते मला आजही सांगता येणार नाही.

प्रत्येक छाप मी शेठजींना दाखवायला नेई. तोच पुढच्या कागदाचा भाव होता. ते भिंग घेऊन बसत आणि मला असे प्रश्न विचारत की माझी तारांबळ उडे. मरळीच्या डोक्यावरचे खवले मोठे का? वामीला खवले नाहीत, की बारीक आहेत? एकदा त्यांनी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे प्रत्येक खवल्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"ही शिवण कसली?"

मी तीस वर्षं मासे खाल्ले होते. सोलले होते, तळले होते, काटे काढून पोरांना भरवले होते. ती शिवण मी कधी पाहिलीच नव्हती. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पाणी कुठे हललं हे माशाला त्यातून कळतं. मी पुढच्या खेपेला ते शेठजींना सांगितलं. त्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं आणि दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता, असं त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितलं. मांसमच्छीच्या वाऱ्याला उभा न राहणारा हा माणूस माझ्यापेक्षा माशांना जास्त ओळखू लागला होता. मला त्याचं कौतुक वाटे आणि थोडा हेवाही.

असं चारेक वर्षं चाललं. मग पुण्यात कलाशिक्षकांचं एक प्रदर्शन ठरलं. मला बोलावणं आलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. माझे छाप सगळे वीतभर माशांचे. पुण्याच्या भिंतीवर ते कुणाला दिसणार? मला मोठा मासा हवा होता. मी महिनाभर नदी पालथी घातली. मोठे मासे काही आपणहून मरत नव्हते. तारीख जवळ आली. एका सकाळी धरणावरचे मासेवाले रस्त्याला बसले होते, त्यांच्या पाटीत हातभर लांबीचा रोहू होता, ओला, रुपेरी, नुकता काढलेला. मी एसटीतून उतरले आणि तो घेतला.

साधा कागद वापरता आला असता. पण शेठजींनी दिलेला जुन्नरी कागद घरात होता, आणि तो रोहू त्याच कागदावर शोभणार होता. मी त्याच कागदावर छापला. तसा छाप मला त्याआधी जमला नव्हता आणि नंतरही जमला नाही. डोळा काढताना माझा हात एकदाही अडखळला नाही.

शेठजींना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, बंधाऱ्याखाली सापडला. त्यांनी भिंग घेतलं. शेपटीकडून सुरुवात केली आणि कल्ल्याच्या मागे येऊन थांबले. तिथे पाठीपासून पोटापर्यंत एक बारीक पांढरी रेघ गेली होती. रेघेवरचे खवले जरा उचललेले होते. मी ती तोवर पाहिलीच नव्हती, पण कशाची ते लगेच कळलं.

"ही रेघ कसली?"

"असेल काहीतरी. जन्मखूण."

"असेल," ते म्हणाले.

त्यांनी छाप गुंडाळून माझ्या हातात दिला. मग नेहमीसारखी शिडी लावली, माळ्यावर गेले आणि एक नवा कागद आणून दिला. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. एसटीत बसून मी मनात त्यांच्याशी भांडत होते. मेलेल्या माशाला कसला नियम? हा मी नसता घेतला तर दुसऱ्या कुणी खाल्ला असता. दुकानात जनावरांच्या केसांचे ब्रश विकता, ते काय झाडाला लागतात? नारायणगाव येईपर्यंत माझे सगळे मुद्दे संपले आणि मांडीवरचा कोरा कागद तेवढा राहिला. त्यांनी ओरडून तो काढून घेतला असता तर बरं झालं असतं.

प्रदर्शन झालं. रोहूपुढे लोक थांबत होते. एका वयस्क बाईंनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे हो?" मी जराही न थांबता म्हणाले, "जाळ्याची दोरी रुतलीय." परक्या बाईला खरं सांगायला मला क्षणही लागला नाही. ज्याने वडिलांचा कागद दिला त्याला मात्र मी जन्मखूण सांगून आले होते.  कौतुक करणारे येत होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पुण्याहून मी थेट जुन्नरला गेले. कोरा कागद परत दिला आणि सगळं सांगितलं.  मी मुलांना रागावते तेव्हा त्यांना कसं वाटत असेल, ते मला त्या काउंटरपुढे कळलं.

"मला कळलं होतं," शेठजी म्हणाले. "चाळीस वर्षं कागदाचे गठ्ठे सुतळीने बांधतोय. आवळून बांधलं की कडेला अशीच रेघ पडते. जन्मखूण अशी सरळ नसते."

मग कागद का दिलात, मी विचारलं.

"तुमचं खोटं झालं. पुढच्या माशाने काय केलं होतं? त्याला कशाला विन्मुख पाठवायचं?"

मी तो रोहू फाडून टाकते म्हणाले, तर ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. तो कसा गेला ते कागदावर आलेलं आहे, म्हणाले, खोटं तुमच्या तोंडात होतं, कागदावर नाही. फक्त मागे खरं लिहून ठेवा. मी तिथेच उभं राहून मागे लिहिलं: विकत घेतलेला, जाळ्यात गेलेला. तेव्हापासून प्रत्येक छापामागे मासा कसा गेला ते लिहायची पद्धत पडली. ढापे काढले तेव्हा खडकात अडकला. पाणी तापलं. बगळ्याच्या चोचीतून पडला. दीडदोन ओळींच्या वर कधी लिहावं लागलं नाही.

नवं शतक लागलं. शेठजींच्या मुलाने दुकानात झेरॉक्सचं मशिन आणलं, मग मोबाईलची कार्डं ठेवली. शेठजी दुपारी दोन तास बसत. त्यांच्याही हाताला वडिलांसारखा कंप सुटला होता. गठ्ठा सरत आला होता आणि मी आता एकेका छापासाठी वर्ष वर्ष थांबत होते.

एका मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, ते बोरीत आमच्या दारात उभे राहिले. दोन एसट्या बदलून आले होते. पंधरा वर्षांच्या ओळखीत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. एका हातात लांब नळी होती, दुसऱ्या हातात स्टीलचा नवा डबा, झाकणावर दुकानातली चिठ्ठी तशीच. चहापाण्याचं विचारायच्या आधीच त्यांनी डबा ओसरीत ठेवला आणि उघडला. ओल्या मलमलीत वीतभर मळ्या होता. खडकाला चिकटून राहणारा, बाजारात कुणी न विचारणारा मासा.

ते ओसरीच्या कडेला टेकले आणि सांगू लागले. पहाटे ते जुन्नरात नदीकाठी फिरायला गेले होते. धरणातून पाणी बंद झालेलं, आणि चिखलाच्या एका खळग्यात ओंजळभर पाण्यात वीसपंचवीस मासे तडफडत होते. त्यांनी शेजारच्या वीटभट्टीवरून बादली मागून आणली आणि एकेक मासा हाताने उचलून बादलीत घातला, चार खेपा करून खालच्या डोहात सोडला. सत्तरी उलटलेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात.

"बाकीचे गेले पाण्यात. हा हातातच राहिला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही मासे खाणाऱ्या घरातल्या. खरं सांगा. हा आपणहून गेला, की मी मारला?"

आपणहून गेला, असं म्हणणं फार सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं आणि त्यांना ते सुख द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. सासूबाईसुद्धा माझ्याकडे बघत होत्या.

"कोरड्या हाताने घट्ट धरलात का?" मी विचारलं.

"हो. सुटत होता म्हणून."

"मग तुमच्या हातानेच गेला असणार, शेठजी. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला आणि दाबला गेला की छोटा मासा जगत नाही. पण तुम्ही गेला नसता, तर दुपारपर्यंत एकही उरला नसता."

त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. मग नळीकडे हात करून म्हणाले, यात शेवटचा कागद आहे, पण आता तो याला चालणार नाही.

"पुढच्या माशाला विन्मुख का पाठवायचं, असं तुम्हीच म्हणाला होता," मी म्हणाले. "हा तोच पुढचा मासा."

मग त्यांनी नळी उघडली.

कागद मोठा आणि मासा वीतभर. अर्धा कापू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. सासूबाईंनी राख चोळून दिली, इतक्या हळू की त्या कुणाचं तोंड पुसताहेत असं वाटावं. मी शाई लावली. कागद मात्र मी शेठजींना दाबायला लावला. त्यांची थरथरणारी बोटं कागदावर टेकली आणि स्थिर झाली. कागद त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. त्यांनीच तो शेपटीकडून उचलला.

भल्या मोठ्या कोऱ्या कागदाच्या मधोमध तो एवढासा मळ्या आला होता. खवले, पर, मिशा, सगळं. आणि पाठीजवळ एक लांबट फिकी जागा होती, तिथे खवले निघून गेले होते. भिंग लागलं नाही. शेठजींनी आपला अंगठा त्या जागेवर कागदाला न लागू देता धरला. अंगठा बरोबर बसला.

सासूबाईंनी त्यांच्या हातावर राख घातली, तांब्याने पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "चोळा नीट. वास ऱ्हात न्हाई मग." त्यांनी सांगितल्याप्रमाणे हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्याकडे पेन मागितलं. कागद उलटा करून मागे, वडिलांच्या त्या पोथीच्या कागदावर, त्यांनी सावकाश लिहिलं: वाचवायला गेलो. माझ्या हातात गेला.

त्यांचा हात कापत होता, तरी अक्षर स्वच्छ वाचता येतं.